मधली तुकडी

"माणसं चार आणि पापलेट एक. तुकड्या कोण करणार?"

"कुणीच नाही, मावशी. ते अख्खं येतं. मध्ये ठेवायचं, ज्याने त्याने घ्यायचं."

"म्हणजे ज्याचा हात लांब, त्याचं पोट भरलं."

बोलणाऱ्यांपैकी एक माझा नवरा आणि दुसऱ्या त्याच्या धाकट्या मावशी. त्यांचं माहेर रेवदंड्याचं, संसार ठाण्यात. सिंगापूरला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दोघांनाही मासा कळतो, म्हणून त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. माझं माहेर सांगलीचं. माशात काटा कुठे असतो हे मी लग्नानंतर शिकले, त्यामुळे या विषयावर माझं मत कुणी घेत नाही. चौथी आमची लेक. तिला फक्त कोळंबी हवी असते.

आम्ही बसलो होतो ते घराजवळचं साधं कॉफीशॉप. सिंगापुरात सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींच्या तळमजल्यावर अशी कॉफीशॉपं जागोजाग असतात. एक जण ती जागा चालवतो, चहा-कॉफी आणि बिअर त्याच्याकडून घ्यायची. बाकीचे गाळे भाड्याने दिलेले. कुणाचा नूडल्सचा, कुणाचा कोंबडी-भाताचा. सगळ्यात मोठा, मागे धडधडणाऱ्या शेगड्या असलेला गाळा बहुधा ‘झी चार’वाल्याचा. शिजवलेलं, परतलेलं, तळलेलं असं साधं चिनी जेवण तिथे मिळतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल टेबलं, डोक्यावर पंखे. जागा धरायची तर टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवून खुशाल ऑर्डर द्यायला जायचं. ते पाकीट कुणी उचलत नाही. मावशींना या शहरातली सगळ्यात विश्वास न बसण्यासारखी गोष्ट तीच वाटली.

मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे तीन भाव होते. छोटी, मध्यम आणि मोठी प्लेट. मासा आणि चिंबोरी यांच्यापुढे भावच नाही, तो वजनावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर.

"माझ्या एकटीपुरतं यात कुठलं?" मावशींनी विचारलं.

"एकटीपुरतं काही नाही. म्हणजे एकट्या माणसाने होर फन नूडल्सची एक प्लेट खावी आणि घरी जावं. ही जागा टेबलासाठी आहे. चौघांत पाच पदार्थ घ्यायचे. एक वाफवलेला, एक कोरडा तळलेला, एक रश्शाचा, एक पालेभाजी आणि एक टोफूचा. भात ज्याचा त्याला."

"भात ज्याचा त्याला ना? मग पोट ज्याचं त्याचं असतं हे त्यांनाही कळतंय."

"भात म्हणजे पाया. त्यावर मधलं काय घ्यायचं ते प्रत्येकाने ठरवायचं. आपल्याकडे हॉटेलात गेलं की काय होतं? तू सुरमई थाळी, मी बोंबील थाळी, ही चिकन थाळी. चौघं चार वेगवेगळ्या हॉटेलांत जेवल्यासारखे जेवतात. टेबल एकच असतं, तेवढंच."

"त्यात वाईट काय? मला सुरमई हवी होती, मला सुरमई मिळाली. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही."

"तेच तर. कुणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही."

पहिला डाव इथे बरोबरीत सुटला. कोळंबी आली. झी चारमध्ये पदार्थ एकत्र येत नाहीत, होईल तसे येतात. मोठ्या ज्वाळेवर वोक तापवायचा आणि एका वेळी एकच पदार्थ त्यात फिरवायचा, मग लगेच वाढायचा. धुरकट खरपूस वास धरला तर धरला, नाहीतर दोन मिनिटांत उडाला. माझ्या नवऱ्याचा मुद्दा असा की असं स्वयंपाकघर वेगवेगळ्या थाळ्यांसाठी चालूच शकत नाही. एकाचं ताट येईल आणि तिघं बघत बसतील. मध्ये ठेवलं की आलं ते सगळ्यांचं, आणि गरम असताना.

"आपल्याकडे पंगतीला गरम नसायचं?"

"पंगतीला चार वाढपी असायचे, मावशी."

"मग इथेही ठेवा की."

कोळंबीवर न्याहारीच्या सीरियलचा लोण्यात परतलेला चुरा होता, त्यात लाल मिरची आणि भरपूर कढीपत्ता. चिनी माणसाच्या वोकमध्ये कढीपत्ता बघून मावशी थबकल्या. सिंगापूरची चिनी स्वयंपाकघरं दीडशे-दोनशे वर्षं तमिळ आणि मलय शेजाराला राहिली, त्यातून हे आलं. चव गोडसर, खारट, कुरकुरीत. मावशींनी एक खाल्ली, डोकं चोखलं आणि म्हणाल्या, "मुलांचा खाऊ आहे." आमच्या मुलीने तोवर तिसरी उचलली होती. मावशींनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

मग पापलेट आलं, आणि खरं भांडण सुरू झालं.

तेओचिऊ पद्धतीचं वाफवलेलं पापलेट ही सिंगापूरच्या चिनी लोकांची जिवाभावाची गोष्ट आहे. तेओचिऊ म्हणजे चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावरची माणसं, खवय्येगिरीत नाक वर करून चालणारी. मासा अख्खा, डोक्याशेपटीसकट. वर आल्याचे लांब तुकडे, टोमॅटो, टोफू, खारवलेला मोहरीचा पाला आणि मिठात मुरवलेले आंबट प्लम. थोडी डुकराची चरबीही घालतात. आम्ही ती वगळायला सांगितली होती. मोठ्या आचेवर मोजकी मिनिटं वाफ. मसाला नाही, तिखट नाही. खाली साचतं ते पातळ, आंबट-खारट पाणी चमच्याने भातावर घ्यायचं. चिनी नववर्षाच्या आसपास इथे पापलेटाचे भाव चढतात आणि तरी लोक घेतात.

मावशींनी ताटलीकडे पाहिलं. "मोदकासारखं उकडलं की रे हे."

"खाऊन बघ."

"आमचा राज्यमासा आहे हा. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने जाहीर केलाय. त्याला हळद-मीठ नाही, आलं-लसणाचं वाटण नाही. मोठा सरंगा असेल तर पोटात हिरवी चटणी भरायची, नाहीतर कडेकडेच्या तुकड्या कालवणात आणि मधल्या तळायला. अख्खाच्या अख्खा पाण्यात काय सोडायचा?"

"पाण्यात नाही सोडलेला. आणि मासा ताजा असेल तर त्याच्यावर काही थापायची गरज नाही, असं यांचं म्हणणं. वाटण हे माशाची चव झाकायला."

"झाकायला?" मावशींचा आवाज चढला. "शिळ्या माशाला वाटण लावलं तर तो लपतो असं वाटतं तुला? माझ्या घरी लपवून दाखव. वाटण माशाला आधार देतं. आणि हे प्लम घातलेत ते कशाला? ताज्या माशाला गरज नसते ना?"

"वास मारायला आणि चव उठवायला. आपण कोकम घालतो तसं."

मावशींनी पाठीकडचा एक तुकडा सोलून घेतला, आल्याच्या तुकड्यासकट खाल्ला, मग नुसतं पाणी चमच्याने प्यायल्या. त्यांचा निकाल नीट लिहून ठेवण्यासारखा होता. "शिजवलाय उत्तम. हाडाजवळ जरा गुलाबी आहे आणि सुटून येतोय, एवढं मला तळताना साधत नाही. आंबट मात्र वर राहिलंय. कोकम आत जातं, हे वरून बोलतंय. पण हे पाणी मला भातावर दे."

मला विचाराल तर तेवढ्या एका वाक्यात दोन्ही किनाऱ्यांचा फरक आला. कोकणातलं कालवण मासा आणि रस एक करायला बघतं. तेओचिऊ वाफ दोघांना शेजारी बसवते आणि जुळवायचं काम खाणाऱ्यावर सोडते. दुसरी पद्धत जास्त धीट आहे. पहिलीने माणसं जास्त तृप्त होत असावीत.

वरची बाजू संपली. मावशींनी सवयीने मासा उलटायला चमचा खाली घातला आणि नवऱ्याने त्यांचा हात धरला.

"उलटायचा नाही. इथले जुने लोक म्हणतात, मासा उलटला की कुठेतरी होडी उलटते. काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालची बाजू तशीच खायची."

हे मात्र मावशींना पटकन पटलं. रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी वाढलेल्या बाईला होडीबद्दल वाद घालायचा नसतो. त्यांनी स्वतःच चमच्याने पाठीचा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध उचलला. मागच्या टेबलावरचे एक आजोबा बघत होते, त्यांनी मान हलवली.

"पण खरं अडतं ते वेगळंच," मावशी म्हणाल्या. "तो बघ. तोंडात घातलेल्या काड्या परत ताटात. उष्टं नाही का हे?"

शेजारच्या टेबलावर सगळे आपापल्या चॉपस्टिक्सनी मधून घेत होते, हे खरं. आमच्या टेबलावर चमचा मागून घेतला होता, कारण मावशी येणार म्हणून नवऱ्याने आधीच गृहपाठ केला होता. त्याने तो आता वाचूनच दाखवला म्हणायला हरकत नाही.

"चिनी लोक कायम असे जेवायचे नाहीत, मावशी. तांग राजवटीपर्यंत चटईवर बसायचे आणि प्रत्येकापुढे छोटा चौरंग, त्यावर त्याचं त्याचं जेवण. उंच टेबलं-खुर्च्या रुळल्या, सोंग राजवटीत शहरं आणि खाणावळी वाढल्या, तेव्हा सगळे एका टेबलाभोवती आले."

"म्हणजे आधी शहाणे होते."

"ऐक तर. पिनांगला १८७९ साली जन्मलेला एक डॉक्टर होता, वू लिएन-तेह. मांचुरियात १९१०-११ ला फुफ्फुसाचा प्लेग आला—"

"मंचुरियन?" आमची मुलगी म्हणाली.

"मांचुरिया. चीनच्या ईशान्येला. तो प्लेग आटोक्यात आणण्यात या माणसाचा मोठा वाटा. लोकांनी मास्क लावावेत म्हणून तेव्हा त्याने जिवाचं रान केलं. त्याला एका ताटात जेवणं अजिबात पसंत नव्हतं, क्षय पसरतो म्हणून. पण ‘आजपासून वेगवेगळं जेवा’ असं म्हटलं तर घराघरांत कुणी ऐकणार नाही हेही त्याला कळत होतं. म्हणून त्याने १९१५ च्या सुमाराला तोडगा सुचवला. टेबलाच्या मध्ये फिरती तबकडी आणि प्रत्येक पदार्थाला वाढून घ्यायचा वेगळा चमचा किंवा काड्या. मधलं मधेच ठेवलं, उष्टं काढून टाकलं."

"हुशार माणूस," मावशी म्हणाल्या. "मग त्या शेजारच्यांना कुणी सांगितलं नाही?"

"ते एका घरातले आहेत."

"घरातले म्हणून जास्त सांभाळायचं."

नवऱ्याचा गृहपाठ चांगला होता, पण मला त्यात मावशींचाच विजय दिसत होता. फिरती तबकडी काढणाऱ्या डॉक्टरची काळजी आणि मावशींची काळजी एकच. फरक इतकाच, की त्याने ती लाकडाच्या चकतीवर सोपवली आणि मावशींच्या घरी ती एका बाईवर सोपवलेली असते.

हे मी मनातच म्हटलं. तेवढ्यात नवऱ्याने तोच धागा धरला.

"तुकड्यांचं म्हणतेस ना, मावशी? आजी कशी करायची आठवतंय? मधल्या तुकड्या आजोबांना, मग मामांना. बायका शेवटी. आजीला कधी मधली तुकडी मिळाली?"

"आईला डोकं आवडायचं."

"की तुम्हाला तसं सांगितलं होतं?"

मावशी हसल्या. अपेक्षा वेगळी होती, म्हणजे माझी तरी. "तू कधी डोकं नीट खाल्लंयस? ते बघ." त्यांनी चमच्याच्या टोकाने पापलेटाच्या गालातला बोटाच्या पेराएवढा गोळा अलगद काढला आणि माझ्या भातावर ठेवला. "खा. आई आम्हाला हसायची. म्हणायची, घ्या रे तुम्ही तुमच्या तुकड्या."

तो गोळा खरोखरच त्या माशातला सगळ्यात गोड भाग होता. चिनी टेबलांवरही गाल बहुधा पाहुण्याला किंवा थोरल्याला देतात, हे नवऱ्याने नंतर कबूल केलं. त्या वेळी तो जरा अडचणीत आला, म्हणून त्याने वेगळ्या बाजूने चाल केली.

"बरं, डोकं. सिंगापूरमध्ये डोक्याचं काय झालं माहितीय? केरळचा गोमेझ नावाचा माणूस १९४९ मध्ये इथे छोटी खाणावळ चालवायचा. त्याने पाहिलं, चिनी गिऱ्हाइकाला माशाचं डोकं आवडतं. त्याने लाल स्नॅपरचं मोठं डोकं आपल्या चिंचेच्या तिखट रश्शात घातलं. आज फिश हेड करी ही या शहराची ओळख आहे आणि ती स्वस्त नाही. चिनी झी चारवालेही करतात. डोक्यातला डोळा कुणी खायचा यावर टेबलं भांडतात."

"म्हणजे आईच सगळ्यात महागाचं खात होती," मावशी शांतपणे म्हणाल्या, "आणि तुझ्या आजोबांना पत्ताच नव्हता."

नवरा गप्प झाला. मला वाटतं मावशी खरं बोलत होत्या आणि पूर्ण खरं बोलत नव्हत्या. आजींना डोकं आवडत असेलही. पण जी तुकडी कुणी मागत नाही ती आवडून घेणं आणि सगळ्यांतून निवडून घेणं, या दोन गोष्टी वेगळ्या. मध्ये ठेवलेल्या माशाचा एक फायदा हा, की डोकं ज्याला आवडतं तो ते सगळ्यांदेखत घेतो.

भाजी आली. कांगकोंग, म्हणजे आपली नाळी, बेलाचानच्या सांबलात, म्हणजे मिरचीच्या वाटणात परतलेली. वासाने मावशी पुढे सरकल्या. "जवळा!"

जवळ जवळ बरोबर. बेलाचान ज्या बारीक कोळंबीसारख्या जीवापासून करतात तो आणि आपला जवळा एकाच कुळातले. आपण वाळवतो, मलय लोक मीठ घालून कुटतात, आंबवतात, वाळवतात, वड्या करतात. या भाजीवर कुणी काही वाद घातला नाही. ती संपली आणि मावशींनी आणखी एक मागवायला लावली.

चिली क्रॅब शेवटी आला, मोठ्या ताटात, लालभडक दाट रश्शात, शेजारी तळलेले छोटे मांतोऊ पाव. मावशींनी नजरेने मोजणी केली.

"नांग्या दोन. माणसं चार. आता बोल."

हा प्रश्न नवऱ्याच्या गृहपाठात नव्हता.

"घरी चार माणसं असली की चार चिंबोऱ्या घेतो," मावशी पुढे म्हणाल्या. "लहान पाय पाट्यावर वाटून, गाळून रश्शात घालते. नांग्या ज्याच्या त्याच्या ताटात. चिंबोरी कधी वाटायची नसते."

"ही श्रीलंकेहून येते, मावशी. किलोच्या आसपास एकेक. चार मागवल्या तर या महिन्याचं भाडं थकेल."

"आमच्या खाडीतलीच जात दिसतेय."

"तीच. खाजणातली. हिची गोष्ट ऐकलीस तर तुला आवडेल. चेर याम तिआन नावाची बाई. नवरा खेकडे आणायचा आणि ती वाफवायची. त्याला कंटाळा आला, काहीतरी वेगळं कर म्हणाला. तिने टोमॅटो सॉसमध्ये परतले. मग जरा तिखट हवं म्हणून बाटलीतला चिली सॉस घातला. १९५६ मध्ये दोघांनी कालांग नदीच्या काठी गाडीवर विकायला सुरुवात केली. पुढे मोठं रेस्टॉरंट झालं. हुई कोक वाई या शेफने १९६३ मध्ये त्यात सांबल आणि अंडं आणलं. तू बघतेयस तो रस्सा बराचसा त्या वळणाचा."

"नवऱ्याने तोंड वाकडं केलं आणि बायकोने नवीन काढलं. यात मला नवीन काय सांगितलंस?"

त्यांनी रश्शात मांतोऊ बुडवला. चिली क्रॅब नावाला तिखट. प्रत्यक्षात गोड, आंबट, अंड्याने दाटलेला, शेवटी थोडी मिरची. मालवणी जिभेला तो पोरकट वाटेल, पण पावाबरोबर ताट पुसून खाल्ला जातो, आणि हाताने खाल्ला जातो. चिनी टेबलावर सगळ्यांनी काड्या ठेवून बोटं माखून घ्यायची ही एकच वेळ. मावशी इथे एकदम घरच्या झाल्या. एक नांगी त्यांनी उचलली, दाताने नाही, दिलेल्या चिमट्याने दोन जागी तडकवली, आतला गर एकसंध बाहेर काढला, निम्मा मुलीच्या ताटात ठेवला आणि निम्मा माझ्या. दुसरी नांगी भाच्यापुढे सरकवली.

"मला काढून नाही दिलीस."

"तू वाटून खाणारा. घे मधून."

मग त्यांनी त्यांचा खरा मुद्दा मांडला, आणि तो मला आजवर कुणी असा मांडलेला आठवत नाही.

"हे बघ. तू म्हणतोस मध्ये ठेवलं की सगळे सारखे. मी बसल्यापासून बघतेय. कोळंबी बारा होत्या. पाच तुझ्या लेकीने खाल्ल्या, चार तू. हिने एक. हिला काटा काढायचा आळस आहे, म्हणून माशाची कड खाल्ली आणि भाजी ओढली. हिचा भात अजून तसाच आहे. तुला दिसलं?"

त्याला दिसलं नव्हतं. मला स्वतःलाही नीटसं दिसलं नव्हतं, पण आता बघितलं तर भात होता तसाच होता.

"ताटात वाढणारी बाई अन्याय करते म्हणतोस. करते कधीकधी. पण तिला माहीत असतं कुणी काय खाल्लं. इथे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांनी वाढायचं म्हणजे कुणीच वाढायचं नाही."

"चिनी घरात असं होत नाही," नवरा म्हणाला, आणि या वेळी तो अडून बोलत नव्हता. "तिथे यजमान सगळ्यांच्या वाटीत घालत राहतो. नको म्हटलं तरी घालतो. थोरल्याला आधी, पाहुण्याला चांगलं. ते काम वाटलेलं असतं इतकंच. आज बाप करतो, उद्या सून, परवा लहान मुलगा आजीच्या वाटीत टोफू ठेवतो. आपल्याकडे मात्र ते काम आजीकडे आलं आणि शेवटपर्यंत तिच्याचकडे राहिलं. मला त्याचाच राग आहे, तुकड्यांचा नाही."

"मग तू कुणाच्या वाटीत घातलंस?"

"..."

"तू पद्धत घेतलीस, काम घेतलं नाहीस."

त्याने चमचा उचलला आणि खालच्या बाजूचा, काटे नसलेला पोटाकडचा भाग माझ्या भातावर ठेवला. मग टोफू मावशींच्या वाटीत. मावशींनी टोफू परत मधल्या ताटलीत टाकला. "मला तो आवडत नाही. विचारायचं असतं आधी."

"तू तरी हिला गालाचा गोळा देताना कुठे विचारलंस?"

"मला माहीत होतं."

"कसं?"

"ती इतका वेळ काट्याला घाबरत होती आणि गालात काटा नसतो. बघितलं की कळतं."

इथे मला वाटलं आता दोघांपैकी कुणीतरी माघार घेईल. कुणीच घेतली नाही. उलट दोघांनी मिळून पुढच्या खेपेची ऑर्डर ठरवायला घेतली आणि त्यावरून पुन्हा जुंपली. मावशींना तिसऱ्या हव्या होत्या, आल्यात. नवऱ्याचं म्हणणं, इथल्या तिसऱ्या सांबलातच खाव्यात. मावशी म्हणाल्या, एक छोटी प्लेट आल्याची आणि एक सांबलातली घ्या. नवरा म्हणाला, दोन छोट्यांपेक्षा एक मोठी स्वस्त पडते. मावशी म्हणाल्या, स्वस्त पडलं म्हणून मला नको ते खायचं का? मुलीने कोळंबीच्या ताटातला कढीपत्ता वेचून खाल्ला.

बिल आलं. मावशींनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. मासा, खेकडा, कोळंबी, भाजी दोन, टोफू, भात चार. त्याखाली शेंगदाणे आणि ओले टिश्यू.

"हे कुणी मागवलं?"

"कुणी नाही. बसल्याबसल्या ठेवून जातात. नको असेल तर परत द्यायचं, बिलातून काढतात."

"म्हणजे अख्ख्या जेवणात कुणी न मागता पुढे आणून ठेवलं ते एवढंच. आणि त्याचे पैसे?"

"हो."

त्यांनी न फोडलेली टिश्यूची पाकिटं गोळा करून वाढणाऱ्या आंटीच्या हातात दिली. आंटीने पेनाने ती ओळ खोडली. शेंगदाण्यांच्या बशीत चार दाणे उरले होते, त्यामुळे ती ओळ राहिली.

"पैसे मी देणार," मावशी म्हणाल्या. "मोठी मी आहे."

"पाहुणी आहेस तू. आणि इथली चिनी माणसंही बिलावरून अशीच भांडतात, तेव्हा तू जिंकणार नाहीस."

"मग निम्मे निम्मे."

"जेवताना वाटून नको होतं, आणि आता बिल वाटायचंय?"

दोघांचे हात एकाच वेळी पाकिटांकडे गेले. आंटी ट्रे काखेत मारून उभी होती. मागची टेबलं पुसायची होती आणि बाहेर जागेसाठी माणसं थांबली होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या नोटा घेतल्या.